रिसीव्हर ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्या दसरा-दिवाळीत आमच्या ओळखीतला जो तो ५५ इंची टीव्ही घेऊन मोकळा झाला. नेरूळचा माझा मेव्हणाही त्यातलाच. टीव्ही भिंतीवर चढला, जुन्या होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडला गेला आणि त्याच रात्री साडेदहाला त्याचा फोन. “दाजी, रिसीव्हर गेला.”

“गेला म्हणजे?”

“गेला म्हणजे गेला. चित्र येतंय, आवाज नाही. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर म्हणाला बोर्ड बदलावं लागेल, अठरा हजार धरून चाला.”

डबा न बघताच अठरा हजार! मी त्याला टीव्हीच्या सेटिंगमधली एक ओळ बदलायला लावली. पाच मिनिटांत फोनमधून धडाधड आवाज यायला लागला आणि त्याच्या मागून सासूबाईंचा, “अरे हळू कर, शेजारचे झोपलेत.”

पुढच्या काही महिन्यांत मात्र तोच बारा वर्षांचा रिसीव्हर खरोखर आजारी पडला, तोही दोनदा. पहिल्या वेळी खर्च शून्य, दुसऱ्या वेळी सातशे रुपये. यात माझी हुशारी फारशी नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नव्हे, ठाण्यात बसून हिशेब तपासणारा माणूस आहे. पण हिशेबात जी सवय लागते तीच इथे कामाला येते: एकूण बेरीज चुकली म्हणून अख्खी वही फाडायची नाही, कुठल्या पानावर चूक आहे ते आधी शोधायचं.

एका डब्यात पाच बिऱ्हाडं

रिसीव्हर म्हणजे होम थिएटरचा तो जाडजूड काळा डबा. एकीकडून त्याला टीव्ही, सेटटॉप बॉक्स, मुलांचा गेम असं काय काय जोडलेलं असतं, दुसरीकडून पाच-सात स्पीकरच्या वायरी निघतात. बाहेरून वस्तू एक, आत मात्र पाच बिऱ्हाडं नांदत असतात.

पहिलं पॉवर सप्लायचं. सोसायटीचा पंप जसा खालचं पाणी वरच्या टाकीत चढवून घरोघरी सोडतो, तसं हे भिंतीतले २३० व्होल्ट घेतं आणि ज्याला जेवढे लागतात तेवढे वाटतं. चिपना तीन-पाच व्होल्ट पुरतात, आवाज वाढवणाऱ्या भागाला पन्नास-साठ लागतात. दुसरं बिऱ्हाड एचडीएमआय बोर्डाचं. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी. येणारं चित्र आणि आवाज वेगळे करून चित्र टीव्हीकडे पाठवायचं, आवाज आत घ्यायचा, हे त्याचं काम. तिसरा डीकोडर. सिनेमाचा आवाज घड्या घालून, आवळून पाठवलेला असतो. डीकोडर त्या घड्या उलगडतो आणि संवाद मधल्या स्पीकरला, पाऊस मागच्यांना, दणका सबवूफरला असं वाटप करतो. चौथा ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प. तो या नाजूक आवाजात स्पीकर हलवण्याइतकी ताकद भरतो.

पाचवा वॉचमन. त्याला प्रोटेक्शन सर्किट म्हणतात. स्पीकरच्या वायरीत शॉर्ट आहे का, ॲम्प फार तापलाय का, स्पीकरकडे जाऊ नये असा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट चाललाय का, हे तो बघत बसतो. त्याच्या हातात एक फाटक असतं, त्याचं नाव रिले. चालू केल्यावर चार-पाच सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना, ते फाटक उघडल्याचा. सगळं ठीक असल्याची खात्री झाल्याशिवाय वॉचमन फाटक उघडत नाही. हा ‘टक्’ नीट लक्षात ठेवा, निम्मं निदान त्याच्यावर होतं.

आधी एफएम लावा

रिसीव्हर बिघडल्यावर लोक पहिल्यांदा केबली उपटतात. मी पहिल्यांदा रेडिओ लावतो.

बहुतेक जुन्या रिसीव्हरमध्ये एफएम असतं आणि ते कोणी लावत नाही. मागच्या अँटेनाच्या भोकात हातभर वायर खुपसा, मुंबईत १०७.१ वर आकाशवाणीचं रेनबो लावा आणि ‘डायरेक्ट’ किंवा ‘स्टिरिओ’चं बटण असेल तर दाबा. रेडिओला एचडीएमआय लागत नाही, टीव्ही लागत नाही. ‘डायरेक्ट’मध्ये बऱ्याच रिसीव्हरमध्ये डीकोडरही वाटेत येत नाही. म्हणजे गाणं दोन्ही स्पीकरमधून स्वच्छ वाजलं, तर पंप, ॲम्प, फाटक, वायरी आणि समोरचे स्पीकर सगळे शाबूत आहेत. गडबड एचडीएमआय-डीकोडरच्या बाजूला किंवा थेट टीव्हीत. एक रुपया खर्च न करता पाचातली तीन बिऱ्हाडं यादीतून बाद.

मेव्हण्याकडे त्या रात्री हेच केलं. रेडिओ खणखणीत वाजला. बोर्ड जळलं असण्याची शक्यता तरीही होती, पण त्याच दुपारी जुन्या टीव्हीसोबत सगळं चाललं होतं, मग संशय कोणावर घ्यायचा? घरात नव्याने कोण आलं?

नवा टीव्ही नवी भाषा बोलतो

आजची ॲप आवाज ज्या पद्धतीने आवळून पाठवतात, ती बऱ्याचदा ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ असते. टीव्हीपासून रिसीव्हरकडे उलट्या वाटेने आवाज आणायच्या दोन सोयी आहेत. एक एचडीएमआयमधली एआरसी, जी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली, आणि दुसरी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने आवाज नेणारी केबल. जुन्या रिसीव्हरला या वाटेने साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस कळतं. ‘प्लस’ आलं की काही रिसीव्हर गप्प बसतात. गावाकडच्या आजीशी नातवाने एकदम कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत बोलावं तसं होतं. आजीचे कान चांगलेच असतात.

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ नावाची ओळ असते. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ असेल तर ‘डॉल्बी डिजिटल’ करा. तो पर्याय नसेल तर ‘पीसीएम’ करा. पीसीएम म्हणजे घड्या मोडून सरळ केलेला आवाज, तो कोणत्याही रिसीव्हरला कळतो. फक्त ऑप्टिकल किंवा साध्या एआरसीवरून पीसीएममध्ये दोनच चॅनल येतात, त्यामुळे मागचे स्पीकर झोपतात. म्हणून पहिली पसंती डॉल्बी डिजिटल. केबल टीव्हीच्या ज्या भोकावर ‘एआरसी’ लिहिलंय त्यातच घाला आणि रिसीव्हरच्या बाजूलाही तसंच बघा. तिसऱ्या भोकात घालून रात्रभर डोकं खाजवणारे लोक मी पाहिलेत. त्यांतला एक मीच.

‘टक्’ झालं आणि लगेच बंद पडलं

दोन महिन्यांनी पुन्हा फोन. या वेळी लक्षण वेगळं. रिसीव्हर चालू होतो, सिनेमा सुरू होतो, आवाज जरा वाढवला की ‘टक्’, सगळं बंद आणि लाल दिवा लुकलुकतो.

म्हणजे वॉचमनने फाटक लावलं. लोक इथे वॉचमनलाच दोष देतात, डबा पुन्हा पुन्हा चालू करतात. असं करू नका. खरोखर शॉर्ट असेल तर प्रत्येक वेळी ॲम्पवर घाव बसतो आणि फुकटातला बिघाड हजारांत जातो.

करायचं असं. प्लग काढा. मागच्या सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडवा, सगळ्या म्हणजे सगळ्या, सबवूफरचीसुद्धा. मग मोकळा रिसीव्हर लावा. ‘टक्’ होऊन शांतपणे चालू राहिला, तर दोष बहुधा बाहेर, वायरीत किंवा स्पीकरमध्ये. मोकळा असतानाही बंद पडला, तर दोष आत आहे आणि तुमचं घरचं काम संपलं, पुढे कारागीर.

मेव्हण्याचा मोकळा रिसीव्हर छान चालू राहिला. मग एकेक स्पीकर जोडत गेलो, दर वेळी प्लग काढून. मध्ये मल्टीमीटर काढला, माझा तीनशेवाला पिवळा. वायरीचं रिसीव्हरकडचं टोक मोकळं ठेवून तिथे ओम मोजायचे. आठ ओमचा चांगला स्पीकर मीटरवर साडेसहा-सातच्या आसपास दिसतो. मीटर डीसी मोजतं म्हणून आकडा थोडा कमी येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काहीच आकडा आला नाही तर वायर किंवा आतली कॉइल तुटली. शून्याला टेकला तर शॉर्ट. मीटर नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि वायरीची दोन टोकं त्याला क्षणभर टेकवा. स्पीकर खर्रर्र करून कोन जरासा हलला तर कॉइल जिवंत.

मागचा उजवा स्पीकर शून्यावर आला. वायरीचं दुसरं टोक बघायला मी सोफ्यामागे आडवा पडलो. सोफा सरकवताना त्याचा पाय वायरीवर आला होता आणि ओढ बसून तांब्याची केसाएवढी एक तार टर्मिनलमधून सुटून शेजारच्याला टेकली होती. मोबाइलच्या उजेडात ती लाल चमकत होती. आवाज हळू असताना वॉचमन सहन करायचा, वाढवला की करंट वाढायचा आणि फाटक लागायचं. दोन्ही टोकं कापून, सोलून, पीळ घालून परत बसवली. खर्च शून्य. सोफा पुन्हा जागेवर आणताना मात्र पाठ धरली.

वायरी ठीक असूनही बंद पडत असेल तर हात वर ठेवून बघा. हात ठेवणं नकोसं होण्याइतका तापलाय का? आमच्या सासूबाईंनी रिसीव्हरवर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि रुमालावर सेटटॉप बॉक्स. वरची जाळी ही ॲम्पची खिडकी असते, तीच बंद. वर निदान चार बोटं नव्हे, वीतभर जागा मोकळी हवी. बंद काचेच्या शोकेसमध्ये रिसीव्हर ठेवणं म्हणजे मे महिन्यात दारं-खिडक्या लावून पुरणपोळ्या करणं.

आवाज कमी केला की डावी बाजू गायब

तिसरा फोन याचा होता. रात्री हळू आवाजात बघताना डावा स्पीकर मुका, आवाज मोठा केला की एकदम ‘फट्’ करून जागा होतो आणि मग तासभर नीट चालतो.

आधी अदलाबदल. प्लग काढून रिसीव्हरच्या मागे डावी-उजवी वायर एकमेकींच्या जागी लावा. आता उजवा स्पीकर मुका झाला तर दोष डब्यात. डावाच मुका राहिला तर दोष वायर किंवा स्पीकरमध्ये. मग हेडफोन लावा. त्यात दोन्ही बाजू स्वच्छ असतील तर बिघाड बहुतेक वेळा अगदी शेवटच्या टप्प्यात, म्हणजे फाटकाशी असतो. जाता जाता एक गंमत: काही वेळा हेडफोनच्या भोकातली पातळ पट्टी अडकून रिसीव्हरला वाटत राहतं की हेडफोन लागलेलाच आहे, म्हणून तो स्पीकर बंद ठेवतो. पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली तरी कधी कधी काम होतं.

मेव्हण्याच्या लक्षणाला कारागीर लोक ओळखूनच असतात. रिलेच्या आत धातूचे दोन ठिपके एकमेकांना भिडतात. वर्षानुवर्षांनी त्यांच्यावर काळपट थर चढतो. हळू आवाजाचा बारीक करंट तो थर भेदू शकत नाही, मोठा आवाज भेदतो. नेरूळसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत असं व्हायला वेळ लागत नाही. पितळी समईचं चार दिवसांत काय होतं ते आपण बघतोच की.

इथे पैसे नसताना करायची एक युक्ती आहे. रिसीव्हर सात चॅनलचा असेल आणि घरात पाचच स्पीकर असतील, तर ‘सराउंड बॅक’ नावाची दोन टर्मिनलं रिकामी बसलेली असतात. कित्येक रिसीव्हरमध्ये ‘बाय-ॲम्प’ अशी सेटिंग असते. ती लावली की समोरच्या स्पीकरचाच आवाज त्या रिकाम्या टर्मिनलांवरही येतो. समोरच्या दोन्ही वायरी तिथे हलवायच्या. डबा तोच, आवाज तोच, दरवाजा दुसरा. मेव्हण्याने दीड महिना तसंच चालवलं. मात्र ॲम्पचा ट्रान्झिस्टरच जळला असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण तेव्हा वॉचमन कुठलंच फाटक उघडत नाही.

एचडीएमआय गेलं तर वळसा घाला

हे माझ्या स्वतःच्या घरचं. चित्र अधूनमधून काळं व्हायला लागलं, मग कायमचं गेलं. एफएम झकास. म्हणजे दुसरं बिऱ्हाड गेलं.

एचडीएमआय बोर्डावर दाटीवाटीने चिप बसवलेल्या असतात आणि त्या चांगल्या तापतात. तापणं-थंड होणं याच्या फेऱ्यांनी बारीक टाके सैल होतात. कारागीर त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. नवं बोर्ड जुन्या मॉडेलसाठी मिळणं मुश्कील, मिळालं तर महाग. काही जण चिपला गरम हवा मारून टाके पुन्हा वितळवून देतात. ती दुरुस्ती कधी वर्षभर टिकते, कधी आठवडाभर, आणि पैसे दोन्ही वेळा तेवढेच लागतात. मी त्यात पडलो नाही.

सेटटॉप बॉक्स आणि बाकी सगळं मी सरळ टीव्हीला जोडलं आणि टीव्हीच्या ऑप्टिकल भोकातून रिसीव्हरपर्यंत साडेतीनशे रुपयांची ऑप्टिकल केबल टाकली. आता चित्राशी रिसीव्हरचा संबंधच नाही. उलट फायदा झाला, जुना रिसीव्हर फोर-के चित्र नीट पुढे पाठवू शकत नव्हता, ती अडचणही सुटली.

यावर जाणकार नाक मुरडतील: ऑप्टिकलमधून डॉल्बी ॲटमॉस येत नाही, ब्ल्यू-रेचा न आवळलेला आवाज येत नाही. बरोबर आहे. साध्या डॉल्बी डिजिटलचे ५.१ चॅनल, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, मात्र येतात. आमच्या दिवाणखान्यात पंखा, खालचा रिक्षाचा हॉर्न आणि कुकरची शिट्टी यांतून तो फरक ऐकू येण्याइतके माझे कान तयार नाहीत. तुमचे असतील तर नवा रिसीव्हर घ्या.

दिवाही लागत नाही

मेलेला डबा म्हणजे सर्वांत मोठा खर्च असं वाटतं, पण तसं असेलच असं नाही. आधी भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डावर मोबाइल चार्जर लावून बघा. हसू नका. मग प्लग काढून अर्धा तास थांबा आणि पुन्हा लावा, कारण आतली चिप गोंधळून अडकलेली असू शकते. रीसेट कसं करायचं ते मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. त्याने सगळी सेटिंग पुसली जातात, म्हणून डबा चालू असतानाच फोटो काढून ठेवलेले बरे.

आदल्या दिवशी बिल्डिंगमध्ये न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला होता का, तेही आठवा. थ्री-फेजच्या लायनीत न्यूट्रल सुटला की काही घरांत २३० च्या जागी चारशेच्या जवळ व्होल्टेज चढतं. त्यात बहुधा पॉवर सप्लायचा पुढचा भाग बळी जातो, आणि तो बऱ्याचदा थोडक्यात दुरुस्त होतो.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा नको, आणि आपल्याकडची ती तार गुंडाळायची कला तर अजिबात नको. नवाही लगेच उडाला तर आत शॉर्ट आहे, तिसरा घालू नका.

बारा वर्षांत जुनं होतं ते काय?

मुख्यतः कंडेन्सर. ही वीज साठवणारी छोटी डबडी असतात आणि त्यांच्या आतला द्रव हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. ८५ अंशांना २००० तास टिकणारा कंडेन्सर ६५ अंशांना ८००० तास टिकेल आणि ४५ अंशांना ३२,००० तास. रोज चार तास धरले तर ६५ अंशांना साडेपाच वर्षं, ४५ अंशांना जवळपास बावीस. क्रोशाच्या रुमालाची खरी किंमत ही आहे.

कंडेन्सर सुकायला लागला की घुंऽऽ असा आवाज येतो किंवा डबा चालू व्हायला दर वेळी जास्त वेळ घेतो. घुंऽऽ ऐकू आला की लगेच कंडेन्सरवर शिक्का मारू नका. सेटटॉप बॉक्सला बाहेरून येणारी काळी केबल क्षणभर काढून बघा. आवाज थांबला तर भानगड अर्थिंगची आहे.

आणि कीटक. माझ्या ओळखीत एक रिसीव्हर पालीने मारला. ऊब मिळते म्हणून ती जाळीतून आत गेली आणि दोन टर्मिनलांच्या मधे पूल झाली. झुरळं तर विचारूच नका.

“यूट्यूबवर उघडून दाखवतात, मी उघडू का?”

धूळ झाडण्यापलीकडे नको, असं माझं मत आहे. २३० व्होल्ट डीसी केले की ते ३२५ च्या घरात जातात आणि काही पॉवर सप्लायमध्ये ते मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहतात. ॲम्पचे मोठे कंडेन्सरही प्लग काढल्यावर बराच वेळ भरलेले असतात. व्हिडिओतला माणूस बोट कुठे ठेवत नाही, हे व्हिडिओत दिसत नाही.

चांगला कारागीर ओळखायची एक खूण सांगतो. तो तुमचा डबा थेट भिंतीत लावत नाही, सिरीज बोर्डावर लावतो. म्हणजे रिसीव्हरच्या वाटेत एक जुना पिवळा शंभर वॉटचा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट, आणि जास्तीचा करंट बल्बने अंगावर घेतल्यामुळे तुमचा डबा वाचला. साठ-सत्तर रुपयांचं यंत्र, पण बोर्ड वाचवतं.

दुकानात गेल्यावर “चालत नाही” म्हणू नका. “मोकळा चालतो, स्पीकर लावला की ट्रिप होतो” किंवा “एफएम चालतं, एचडीएमआय नाही” असं सांगा. भाव तिथेच खाली येतो. तपासणीचे किती ते आधी विचारा, आणि काढलेला पार्ट परत मागा. ॲम्पचे ट्रान्झिस्टर बदलायचे असतील तर ते कुठून आणले हेही विचारा. या पार्टांत डुप्लिकेट माल भरपूर आहे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एकाच पार्टचे दोन भाव ऐकू येतात ते त्यामुळेच. कंपनीच्या दुरुस्तीची, पुस्तिकांची माहिती हवी असेल तर ग्राहक व्यवहार विभागाचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर.

“एवढ्या खटपटीपेक्षा साउंडबार घ्या ना!”

हे मला दर वेळी ऐकावं लागतं. संवाद नीट ऐकू यावेत एवढीच गरज असेल तर घ्या, वायरींचा पसाराही जाईल. पण पाच चांगले स्पीकर घरात असताना फक्त डबा बिघडला म्हणून सगळंच काढणं म्हणजे शेगडीचा बर्नर गेला म्हणून भांडी विकणं. स्पीकर तीस-तीस वर्षं टिकतात. खोक्यावरच्या हजार-दोन हजार वॉटच्या आकड्यांना तर भुलूच नका. ‘पीएमपीओ’ नावाने फुगवलेले वॉट छापणाऱ्या टेपरेकॉर्डरच्या काळापासून आपण त्यात फसत आलोय. वॉट दुप्पट झाले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा.

माझा हिशेब सरळ आहे. तसाच चालू स्थितीतला जुना रिसीव्हर ज्या भावात मिळतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत दुरुस्तीला लावावेत, त्यावर नाही. जुना घ्यायचा तर एचडीएमआय बिघडलेला मुद्दाम शोधा. तो निम्म्याहून कमी भावात मिळतो आणि आपल्याला तर ऑप्टिकलवरच चालवायचाय. बघायला जाताना मीटर न्या. स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलांवर डीसी व्होल्ट मोजा, ५० मिलीव्होल्टच्या आत हवेत. अमेरिकेहून कोणाच्या भाच्याने आणलेला असेल तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टचा असेल तर त्याला वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, थेट लावलात तर तिथेच धूर. आणि सगळे उपाय संपलेला डबा भंगारवाल्याला देण्यापेक्षा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

सातशे रुपये

मेव्हण्याच्या रिलेचं काम शेवटी ठाण्यात झालं. माझ्या ओळखीचे एक काका स्टेशनजवळच्या गल्लीत बसतात, दुकान कसलं, जिन्याखालची जागा. अकरा किलोचा डबा जुन्या चादरीत बांधून आम्ही रविवारी दुपारी नेरूळ-ठाणे लोकलने आणला. काकांनी आधी सिरीज बोर्डावर लावला, ‘टक्’ ऐकला, स्पीकरचा आवाज हळू केला आणि रिलेवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने टिचकी मारली. डावा स्पीकर जागा झाला. “हाच,” म्हणाले, आणि चहा मागवला.

पाऊण तासात नवा रिले बसला. पार्टचे शंभर, कामाचे सहाशे. काढलेल्या रिलेचं पारदर्शक झाकण त्यांनी ब्लेडने उचकटून आम्हाला आत दाखवलं. मोहरीएवढा ठिपका, तव्याच्या बुडासारखा काळा. बाकी अख्खा डबा चांगला.

परतताना ठाणे स्टेशनवर संध्याकाळची गर्दी. तो डबा घेऊन दोन लोकल सोडाव्या लागल्या. तिसरीत एका पायावर उभा राहिलेला मेव्हणा चादरीची गाठ छातीशी धरून मला म्हणाला, “दाजी, साउंडबार वजनाला हलका असतो ना?”